नववा सुरुंग

३ एप्रिल २००६, लोणी

आज हजर झालो. पिंपळवंडीहून पहिल्या गाडीने निघालो, मंचरला गाडी बदलली, दहाच्या आत इथे. आरोग्य केंद्रामागची खोली मिळाली आहे. पूर्वेला खिडकी, देव मांडायला कोनाडा. एकोणपन्नासाव्या वर्षी माणसाला आणखी काय हवे?

डबा बयाबाईकडे लावला. तिचा नवरा भागू विहिरींवर सुरुंग भरतो, मुलगा रुपेश त्याच्या हाताखाली भोके पाडतो. जेवताना भागू म्हणाला, "पावणं, भाकरी मोजू नका. मोजायचं काम माजं." वाती पेटवून वर आले की बार मोजायचे, भरलेले आणि वाजलेले जुळले तरच माणूस खाली उतरतो. हे सारे त्याने बोटांवर मोजून दाखवले.

माझे काम असे. मेलेल्याच्या घरी जाऊन शेवटची हकिकत लिहायची आणि कॉम्प्युटरमध्ये भरायची. पुण्याच्या प्रज्ञा मॅडमनी समजावले की या यंत्राला नियम सांगायचे नसतात. हकिकत आणि तिच्यापुढे मृत्यूचे कारण, असे नमुने दाखवत राहायचे. पुढे ते आपणहून कारण सांगते. टोमॅटोच्या जनुकांत कुठे बदल केला तर रोग टळेल, तेही त्यांच्या संस्थेत एक यंत्र असेच शिकते आहे म्हणे. मला कौतुक वाटले. देवानेही आपल्याला असेच दाखवून दाखवून शिकवले असेल.

१२ एप्रिल

दहा वर्षांच्या जुन्या वह्या भरतो आहे. विहिरीतले मृत्यू एकवीस. हकिकतीत हात भाजलेले, कानांतून रक्त, छातीत दगडाच्या कपच्या. कारणाच्या रकान्यात मात्र सगळीकडे 'विहिरीत पडून'. केंद्राच्या साहेबांना विचारले. ते म्हणाले, आहे तसे भरा. स्फोट लिहिला की परवान्याची चौकशी लागते, विहिरींची कामे अडतात, मग गाव तुम्हालाच शिव्या घालेल.

मी नवीन माणूस. भरले. एकवीस वेळा.

२६ एप्रिल

भागू गेला. दुपारी बाराला, बागायतदार नानासाहेबांच्या वरच्या मळ्यातल्या विहिरीत.

रुपेश पहारींना धार लावायला मंचरला गेला होता. वर बार मोजायला भागूचा जुना साथीदार चांगदेव होता. तो सांगतो, "नऊ भरलं व्हतं, सात वाजलं. म्या वराडलो, उतरू नगा." नानासाहेबांना दगड उपसायची यारी दुसऱ्या विहिरीवर हलवायची घाई. ते म्हणाले, दोन-तीन एकदम वाजले असतील, उतर. भागू उतरला. विडी ओढून व्हावी एवढ्या वेळाने आठवा वाजला.

नववा अजून खालीच आहे.

२८ एप्रिल

बयाबाईने हकिकत सांगितली, मी शब्दन् शब्द भरली. यंत्राने क्षणात कारण दिले, 'विहिरीत पडून'. साहेब मागेच उभे होते. सही करा म्हणाले. केली.

संध्याकाळी बयाबाई डबा देताना म्हणाली, "भाऊ, काय लिवलं ते वाचून दावा की." कागद साहेबांकडे गेला, असे सांगितले. कागद माझ्या पिशवीत होता. आज देवापुढे उदबत्ती लावायला हात उठला नाही.

२ मे

दुपारी बाराला बार ऐकले. सात लागोपाठ. मग विडीएवढा वेळ. मग आठवा. खिडकीची काच थरथरली. गावात आज कुठेच सुरुंग नव्हता. शिपाई संपत हसला, "राव, तुमाला ऊन बाधलं."

४ मे

कालही. आजही. सात, मग एक. नववा नाही. जेवण जात नाही, मन पुढच्या बाराकडे लागलेले.

सोमवारी नानासाहेब पुन्हा काम धरणार. खाली रुपेश उतरणार. त्याला भीती वाटत नाही, कारण नानासाहेबांनी त्याला सरकारी कागद दाखवला — बाप पडून मेला, म्हणजे बार सगळे वाजले होते. वर म्हणाले, चांगदेव म्हातारा झालाय, त्याला मोजता येत नाही.

कागदावर सही माझी.

५ मे

घोडेगाव. तहसील. विहीर बंद करा म्हणालो. त्यांनी नोंद काढली. कागदात स्फोटच नाही, तर न फुटलेला सुरुंग आला कुठून, असे विचारले. शेजारचा कारकून चहा पीत हसत होता. त्याचा कप भिंतीवर आपटावासा वाटला. पण हसण्याजोगे मीच लिहून दिले होते.

७ मे

रविवार. केंद्राची किल्ली माझ्याकडेच. भागूचे कारण खोडून 'सुरुंगाच्या स्फोटाने' लिहिले. यंत्राने पुन्हा 'पडून' केले. अकरा वेळा लिहिले, अकरा वेळा त्याने फिरवले. मॅडमना फोन केला. म्हणाल्या, तुम्ही दिलेल्या नमुन्यांवरच ते शिकलंय, एका नोंदीने कसं विसरेल?

मग माझीच हकिकत भरली. सावळेराम, वय ४९. न फुटलेल्या सुरुंगावर बसला. सुरुंग फुटला. तुकडे झाले.

उत्तर: विहिरीत पडून.

माझा शिष्य. एवढा संताप मला आजवर कुणाचा आला नव्हता — माझाही नाही.

८ मे, विहिरीत

रुपेशच्या आधी दोर धरून उतरलो. मी बसलोय तोवर इथे भोक पडणार नाही. नानासाहेब वरून म्हणतात, "पावणं, तुमी मढी मोजा, बार आमी मोजतो." मी म्हणालो, स्फोट झाला असं लिहून द्या, वर येतो. आता शिव्या चालू आहेत.

भागूची एक चप्पल. तिच्या शेजारी कपारीत वातीचे टोक. रुपेशला हाक मारली, बोट दाखवले. त्याने वाकून पाहिले. मग पहार ठेवून दिली. बस.

रुपेश म्हणतो, वर या. लिहून मिळेपर्यंत नाही, म्हणालो. बारा वाजत आले.

वही दोराला बांधलेल्या टोपलीत ठेवूनच लिहितोय. रुपेश, आधी सगळ्यांना मागे ने — मग टोपली ओढून घे. आईला वाचून दाखव. सगळी. माझी सहीसुद्धा.

वाजताहेत. यांना कुणाला ऐकू येत नाही. पाच. सहा. सात.

थांबले.

देवा —

आठ.

वात गरम आहे. कुणी पेटवली नाही, तरी —

रुपेश, माझ्या कारणाच्या रकान्यात पडून लिहू देऊ नको. स्वतःच्या हाताने लिही —