नाव न नोंदवलेली बाई

३ मार्च, सोमवार

मावशी आज बोलता बोलता सहज बोलून गेली. तेलात परतलेल्या पानांचा आमचा तेलचहा ढवळत होती. म्हणाली, "तुझी आई एकदाच गायली. त्या डच बाईच्या डब्यासमोर."

मी हातातली वाटी खाली ठेवली. कुठला डबा? कुठली बाई?

१९८५ ची गोष्ट. मी पाच वर्षांची. गावात एक परदेशी बाई आवाज भरून घ्यायचं यंत्र घेऊन आली होती. सगळ्या बायका गायल्या. शेवटी आई उठली म्हणे, आणि बाईला एकटीला घेऊन भाताच्या कोठारामागे गेली.

आई! आमच्या डोंगरात बसक्या गळ्याचे लोकसुद्धा गातात. आई मात्र सणाला ओळीत उभी राहायची आणि ओठ हलवायची नाही. लोक म्हणायचे, हिला गळाच नाही. मीही तेच समजत होते. तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

५ मार्च

मावशीने त्या बाईचं कार्ड सुया-दोऱ्याच्या डब्यात जपून ठेवलंय. वर एका विद्यापीठाचं नाव. फोनवर शोधलं. गोल चक्र फिरत राहिलं, मग पांढरं पान. देशाबाहेरचं बरंच काही इथे चीनमध्ये उघडत नाही, त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. आज वाटलं.

६ मार्च

दुपारी मुलं वर्गात गेल्यावर लूकाकांच्या दुकानात गेले. पुलाच्या तोंडाशी रेडिओ, पंखे, फोन दुरुस्त करतात. त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. डोळ्याला भिंग लावल्याशिवाय माणसाकडेही बघत नाहीत.

"वसतिगृहाच्या बाईंना परदेशात काय बघायचंय? उवांचं औषध?"

खरं ते सांगून टाकलं. काकांनी भिंग काढलं, दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली.

"तुझी सरकारी नोकरी आहे. नवऱ्याचीही. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग तुझा रोजचा फोन नको. रविवारी ये."

९ मार्च, रविवार

काकांनी एक जुना फोन पुसून कोरा केला. एका इवल्याशा कार्डावरून त्यात एक ॲप घातलं. फोनवरच्या ॲप-दुकानात मिळत नाही ते, हातोहात फिरतं. फोनने दोनदा विचारलं, अनोळखी ठिकाणाहून आलंय, घेऊ का? काका म्हणाले, "घे बाबा, आमच्या ओळखीचं आहे."

मग समजावलं. मी जे पान मागेन ती माझी चिठ्ठी, आणि ती तीन पाकिटांत, एकात एक. पहिल्या यंत्राला ठाऊक की चिठ्ठी माझी, पण जायची कुठे ते नाही. तिसऱ्याला ठाऊक कुठे जायची, पण कुणाची ते नाही. मधल्याला दोन्ही नाही. तिघं तीन देशांत.

"आणि हे तिघं कोण?"

"लोक. आपापल्या घरात यंत्र चालू ठेवून बसलेले."

"पगार कोण देतं त्यांना?"

काका हसले. "बहुतेकांना कुणीच नाही."

हे मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. ज्यांनी मला पाहिलं नाही, कधी पाहणारही नाहीत, ते माझी चिठ्ठी पुढे देणार. आणि ती माझी आहे हे कळू नये म्हणून एवढी खटपट!

१० मार्च

ॲप जोडणी करताना दहा टक्क्यांवर अडकलं. दिवसभर दहा टक्के.

१२ मार्च

त्या तिघांचे पत्तेही इथे बंद आहेत. म्हणून आधी एक छुपी वाट लागते, तिला 'पूल' म्हणतात. पूल म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ. काकांनी दिलेल्या दोन ओळी मेलेल्या निघाल्या. आज त्यांनी तिसरी सिगारेटच्या पाकिटावर उतरवून दिली.

"इथले पाडत असतात, तिकडचे बांधत असतात," म्हणाले. "आणि ऐक. पलीकडे गेल्यावर स्वतःचं नाव टाकायचं नाही. जुना ई-मेल नाही, फोटो नाही. तोंड झाकून गेलीस आणि दारात आपलंच नाव पुकारलंस, तर झाकून उपयोग काय?"

१३ मार्च, गुरुवार

लागलं!

दुपारी दोन वाजता. चादरींच्या खोलीत बसले होते. तिसरी ओळ भरली, एक अक्षर चुकलं, पुन्हा भरली. दहा. पंचवीस. पन्नासवर इतका वेळ थांबलं की मी दोन उशांना खोळी घातल्या. वळून पाहिलं तर शंभर.

विद्यापीठाचं पान वरून खाली हळूहळू उतरलं, धुकं विरावं तसं. कोपऱ्यात तीन देशांची नावं होती. शेवटचा आइसलँड. त्या पानाला वाटत होतं मी आइसलँडमध्ये आहे. मी चादरींच्या ढिगावर बसलेली, पायांत प्लॅस्टिकच्या चपला!

यादीत आमचं गाव सापडलं. चुकीच्या अक्षरांत, पण आमचंच. एकोणीस गाणी. अठरांपुढे नावं. एकोणिसाव्यापुढे लिहिलेलं: गायिका, वय सुमारे तीस, नाव नोंदवलेलं नाही.

दाबलं. आधी खरखर. कोंबडा. मग ती.

काय लिहू? आवाज खालून येत होता, जमिनीखालून आल्यासारखा, आणि मग वर गेला तो जातच राहिला. मला वाटलं आता तुटेल. तुटला नाही. जिने माझ्या वेण्या घातल्या, भांडी घासली, म्हशीला हाकललं, ती ही. जन्मभर हे सगळं गळ्यात ठेवून ती गप्प बसली.

घंटा झाली. मुलं जिन्यावर आली. मी तोंड चादरीत खुपसून बसले होते.

१४ मार्च

माझ्या नवऱ्याला, गुओदोंगला, फोन सापडला. जेवायला बसला. मग म्हणाला, "हे काय आहे, मी विचारत नाही. रस्तेखात्यात निवृत्तीला माझी चार वर्षं राहिलीत, तेवढं लक्षात ठेव."

मी उतरवून घेतलेलं गाणं लावलं. त्याने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"कोण आहे ही?"

"तुझी सासू."

पुन्हा लाव म्हणाला. तीनदा ऐकलं. मग आंबट मासा माझ्या वाटीत वाढला आणि म्हणाला, "फोन तांदळात नको ठेवूस. तिथे सगळेच बघतात."

१६ मार्च

मावशीला ऐकवलं. पहिल्याच सुराला पाखडायचं सूप तिच्या हातातून मांडीवर उतरलं.

"हे मर्तिकाचं गाणं आहे, पोरी. तुझ्या मामाचं."

मला मामा नाही.

होता. आईहून आठ वर्षांनी मोठा. गावात सगळ्यात चांगला गळा त्याचा, आईला त्यानेच शिकवलं. जुनी गाणी म्हणायची नाहीत असा हुकूम आला, तरी तो गात राहिला. एका सकाळी नेला. परत आलं ते त्याचं जाकीट. त्याच्यासाठी रडायलाही बंदी होती. आई तेव्हा अकरा वर्षांची.

"त्या दिवसापासून ती गायली नाही. परदेशी बाईसमोर गायली, कारण बाईला शब्द कळत नव्हते."

मामाचं नाव विचारलं. मावशीने आधी दार लोटलं, मग सांगितलं. या वहीतही मी ते लिहीत नाही.

२० मार्च

एकोणीसपैकी अठरांना नाव आहे. आईच्या जागी 'नोंदवलेलं नाही'. हे डोक्यातून जात नाही.

काका म्हणाले, "तिचं नाव दिलंस की तुझ्यापर्यंत दोन पावलं उरतात."

मावशी म्हणाली, "लिही. माझ्या बहिणीला गळा नव्हता असं लोक अजून म्हणतात."

दुपारी त्या ॲपमधूनच नवा ई-मेल काढला आणि विद्यापीठाला पत्र धाडलं. एकोणिसावं गाणं गाणारी बाई वू लानइंग. आवाज ओळखणारी तिची सख्खी बहीण आहे. मी मुलगी. स्वतःचं नाव दिलं नाही.

४ एप्रिल, छिंगमिंग, पितरांचा दिवस

आईच्या थडग्यावरचं गवत काढलं. चिकट भात, मद्य ठेवलं. गुओदोंग कोयता धुवायला ओढ्यावर गेला तेव्हा मी तिला सांगितलं, ऐकलं मी. मग फार मोठ्याने सांगितलं असं वाटून इकडेतिकडे पाहिलं.

९ एप्रिल, बुधवार

उत्तर आलं. मोडक्यातोडक्या चिनीत, पण कळलं. नाव यादीत लागलंय. ती डच बाई हयात आहे, अठ्ठ्याऐंशीची. तिने निरोप दिलाय: मी विसरले म्हणून नोंदवलं नाही, असं नाही. तुझ्या आईने मला नाव सांगितलं होतं. संध्याकाळी डोंगर उतरून मी राहत होते तिथे आली आणि माझ्या वहीतून स्वतःच्या हाताने खोडून गेली. दुभाष्याला म्हणाली, घरी माझी लहान मुलगी आहे.

पत्रात शेवटी विचारलंय, नाव ठेवायचं की काढायचं?

मी लिहिलं: ती मुलगी आता पंचेचाळीस वर्षांची आहे. राहू द्या.