देवाकडे पाठ

नारपोली, एप्रिल २००६

प्रिय मृणाली,

मासळीवाल्या ठकुबाईने हे पत्र सुक्या करंदीच्या पिशवीखाली दडवून आणलंय, तेव्हा कागदाला वास आला तर नाक मुरडू नकोस. वाच आणि जाळून टाक. तुझा निरोप तिने मला नीट पोचवला. रविवारी तुझ्या भावाची हळद, तू त्याची एकुलती एक बहीण, आणि आपल्या सासूबाई म्हणतात की रमीत जिंकलीस तर जा. ठकुबाई हसत सांगत होती, सासू-सुनेचं कौतुक म्हणून. मला हसू आलं नाही. कामतघरच्या त्या घरात तू यायच्या आधी हाच डाव त्या माझ्याशी खेळल्या आहेत, त्याच लादीवर, बहुतेक पत्त्यांच्या त्याच कॅटने. तेव्हा थोरल्या जावेचं आज जरा मन लावून ऐक.

दुपारी करंट गेला की मागच्या शेडमधले कापडाचे लूम एकदम गप्प होतात आणि घरात माणसाचा आवाज ऐकू यायला लागतो. त्याच वेळी आपल्या सासूबाई, जानकीबाई, पत्ते काढतात. ही दोघींत खेळायची दहा पानांची रमी त्यांच्या भावाने बोटीवरून आणली, हे तू एव्हाना शंभरदा ऐकलं असशील. तीन-तीन, चार-चार पानं जुळवायची आणि न जुळलेल्या पानांचे गुण दहा किंवा त्याहून कमी झाले की लादीवर टकटक करून हात उघडा करायचा. तू सगळी पानं जुळायची वाट बघत बसतेस, असं ठकुबाई म्हणाली. मीही तेच करायची. माझी दहाच्या दहा जुळायला एक पान कमी असायचं आणि तेवढ्यात सासूबाईंची अंगठी लादीवर वाजायची. सुंदर हाताच्या नादी लागू नकोस. दहाच्या आत आलीस की वाजव.

दुसरं, खाली टाकलेलं पान सारखं उचलू नकोस. आपल्या हातात काय शिजतंय ते आपणच गावभर सांगितल्यासारखं होतं. तीन पानं पुरी होत असतील तरच उचल, नाहीतर गड्डीतलं घे. सत्ती-अठ्ठीसारखी मधली पानं जपून टाक, ती दोन्ही बाजूंनी लागतात. राजा-राणी-गुलाम जुळायची लक्षणं नसतील तर लवकर काढून टाक, कारण एकेकाचे दहा गुण. हा नियम मला जानकीबाईंनीच शिकवला. नवी नवरी होते तेव्हा फार प्रेमाने शिकवायच्या. चित्राचं पान म्हणजे परक्याचं पोर, मांडीवर जास्त वेळ ठेवू नये, असं म्हणायच्या. हे वाक्य लक्षात ठेव, मला पुढे त्याच्याशी काम आहे.

माझी आई खारबावला आजारी होती, ते तुला ठाऊक आहे. तिने अन्न सोडलं आणि माझं नाव घेते आहे, असा निरोप दुपारी आला. खारबाव काय लांब आहे? रिक्षाने अर्धा तास. मी पदर खोचून सासूबाईंसमोर उभी राहिले. त्यांनी पत्ते पिसायला घेतले आणि म्हणाल्या, "जिकलीस त जा, न्हाय त भात टाक." मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांनी पानं वाटली, आणि मी बसले.

त्या दिवशीसारखा हात मला पुन्हा कधी लागला नाही. बाकी सगळं जुळलं होतं. दोन राण्या होत्या आणि किलवरची दश्शी-गुलाम. एक किलवरची राणी आली असती तर दोन्हीकडे लागली असती. मी गड्डीतून पान ओढायचे आणि आईचं नाव घ्यायचे. शेवटी त्यांनीच अंगठी वाजवली. हात उघडा केला तर सगळं जुळलेलं, आणि एकटं पडलेलं एकच पान, किलवरची राणी. बरोब्बर दहा गुण. मी उठून भात टाकला. आई पहाटे गेली.

तू विचारशील, ताई, तू तशीच उठून का गेली नाहीस? मीही स्वतःला हेच विचारते. हरले होते ना, आणि हरल्यावर शब्द पाळायचा असतो, एवढंच मला कळत होतं. त्या घरात शब्द पाळणारी मी एकटीच होते, हे नंतर कळलं.

कसं कळलं ते सांगते. आईचे दिवस उरकून मी परत आले होते. एका दुपारी सासूबाई वरच्या खोलीत निजल्या होत्या, म्हणून त्यांच्या जागेवर बसून तांदूळ निवडत होते. समोर, जिथे मी पत्ते खेळायला बसायची, तिथे मनोजभाऊजी, तुझे यजमान, पेपर वाचत होते. मान वर केली तर त्यांच्या पाठीमागच्या कपाटाच्या आरशात अख्खा पेपर दिसत होता. अक्षरं उलटी दिसत होती, पण बदाम उलटा झाला तरी बदामच राहतो, मृणाली. आपल्याला कायम देव्हाऱ्याकडे तोंड करून, कपाटाकडे पाठ करून का बसवतात? "देवाला पाट करू नये गो," म्हणून. आणि स्वतः मात्र देव्हाऱ्याच्या भिंतीला टेकून बसतात, गुडघे दुखतात म्हणे. देवाकडे पाठ त्यांचीच होती, आणि इतक्या वर्षांत मला हे साधं विचारायचं सुचलं नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, पत्त्यांवरून आईशी भांडतेस? त्याच महिन्यात मी चूल वेगळी मांडायला लावली. लोक म्हणतात, उन्नतीने घर फोडलं. म्हणू देत.

आता नीट वाच. जागा बदलून मागू नकोस, आरसा झाकू नकोस, कपाटाचं दार उघडं असेल तर तसंच राहू दे. त्यांना बघू दे. फक्त तीन पानं जुळली की त्यातलं एक दुसऱ्या पानामागे चिकटवून धर. तीन राजे असतील तर आरशात दोनच दिसू देत. बदामाची सत्ती-अठ्ठी-नव्वी असेल तर सत्ती दडव. तुला काय हवंय ते आपल्याला कळलं असं त्यांना वाटेल, आणि त्या चौथा राजा छातीशी धरून बसतील, बदामाची दश्शी धरून बसतील, वीस गुण हातात कुजवतील. तुझं सगळं केव्हाच जुळलेलं असेल. दहाच्या आत आलीस की वाजव. बोटाने नको, बांगडीने वाजव, घरभर ऐकू जाऊ दे.

तू हळदीला जावीस, भावाला पहिली हळद तूच लावावीस, असं मला वाटतं. पण त्यासाठी मी हे लिहिलं असं समजू नकोस, मी एवढी चांगली नाही. मला तुझ्याकडून एक काम हवंय. जिंकलीस की लगेच उठू नकोस. त्यांची पानं त्यांच्यासमोर पसरून ठेव, धरून ठेवलेला राजा वर ठेव, आणि वळून आरशात बघ, त्यांच्या डोळ्याला डोळा भिडेपर्यंत. मग पिशवी उचल, आणि उंबऱ्यातून सांग, नारपोलीच्या उन्नतीने विचारलंय, तिची आई मरत होती त्या दुपारी किलवरची राणी मांडीवर कशाला धरून ठेवली होती? उत्तराची वाट बघू नकोस. रिक्षा पकड आणि जा.

तुझीच,
उन्नती ताई