वर जाऊन आलेल्यांचा विधी

माधव नगर, उज्जैन
ता. २३ ऑगस्ट १९६०

श्री. गोपाळकृष्ण यांस,

सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत. तुमच्या माईंचे गुडघे दुखतात, तोंड मात्र पहिल्यासारखंच चालतं. तुमचं हरिद्वारचं कार्ड जुन्या घरी गेलं होतं, पोस्टमनने हुडकून इथे आणून दिलं. उत्तर सुधाकर भाऊजींनी लिहायचं ठरलं होतं. पण धाकटा भाऊ असून ते रोज 'उद्या लिहितो' म्हणतात आणि ऑफिसला निघून जातात. शेवटी पेन मीच उघडलं. मायन्यात तुमचं नाव घातलं आहे ते चालवून घ्या. एरवी ते उखाण्यातच घ्यायची सवय, पण 'स्वारी', 'इकडे' असलं काही आता लिहवेना.

तुम्ही सिंहस्थात स्नानाला म्हणून गेलात तेव्हा इथे शिंदे सरकार होतं. मग मध्यभारत झाला, तोही मोडला, आता मध्यप्रदेश आहे आणि राजधानी भोपाळला गेली. भाऊजी म्हणतात, तीन राज्यं झाली तरी ऑफिसातलं टेबल तेच आहे. मी मॅट्रिक केलं, ट्रेनिंग केलं आणि मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही.

नमनालाच घडाभर तेल गेलं. खरी खबर वेगळीच आहे. रशियाने शुक्रवारी दोन कुत्र्या आकाशात पाठवल्या, बेल्का आणि स्त्रेल्का. तुमच्या आश्रमात रेडिओ आहे की नाही कोण जाणे, म्हणून सगळं सांगते.

त्या संध्याकाळी आमचा सगळा मोहल्ला छतावर होता. ढग खूप. मध्येच एका फटीतून एक तारा सरकत गेला, बिलकुल न लुकलुकता, अगदी सरळ. शेजारचे म्हणाले, हेच ते यान. भाऊजी म्हणाले, छे, हा अमेरिकेचा चकाकणारा फुगा, तोही पृथ्वीभोवती फिरायला हल्लीच वर सोडलाय. मला दोघांचंही पटलं नाही आणि खोडताही आलं नाही. मग ढग मिटले आणि आम्ही भिजायच्या आत खाली आलो.

वर पाठवणं मला समजतं. परत आणणार कसं, हे समजत नव्हतं. एवढ्या वेगाने हवेत शिरलं की वस्तू तापून लाल होते, उल्का अशाच जळतात, हे मीच वर्गात शिकवते. तीन वर्षांपूर्वी रशियाने एक कुत्री पाठवली होती, ती परत आलीच नाही. तेव्हा एका मुलीने विचारलं होतं, "बाई, तिला सांगून पाठवलं होतं का?"

शनिवारी शाळा सुटल्यावर घरी न जाता टावर चौकात गेले. तिथल्या रेडिओवाल्याने भोंगा बाहेर काढून ठेवला होता. टांगेवाले थांबलेले, पोहे खाणारे हातात दोना धरून उभे. हिंदी बातम्यांत सांगितलं की यान खाली उतरलं, दोन्ही कुत्र्या जिवंत आहेत, सोबतचे उंदीरसुद्धा. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले, जणू ऐकलं ते खरं ना, हे दुसऱ्याने सांगावं. रेडिओवाला मला म्हणाला, "बहनजी, आप तो पढ़ाती हैं. उतरकर अपने लोगों को पहचाना होगा क्या?" मी म्हटलं, "कुत्ते तो पहचान लेते हैं, भैया. घरवालों का पूछिए."

घरी आले तर यज्ञेश्वरशास्त्री बसलेले. गणपतीची पूजा किती वाजता, ते ठरवायला आले होते. मी आल्या आल्या खबर सांगितली. माईंनी नीट ऐकून घेतली आणि शास्त्रीबुवांना विचारलं, "वर जाऊन आलेल्या त्या. त्यांना काही शुद्धी वगैरे करून घ्यावी लागते का हो?"

शास्त्रीबुवा म्हणाले, "त्यांचं श्राद्ध कुणी घातलेलं नाही. त्यामुळे त्यांची काही अडचण नाही."



आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तुमचे दिवस आम्ही केले आहेत.

बारा वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर करतात, ते तुम्हाला माहीत आहे. त्याआधी गेल्या सिंहस्थात मी आणि भाऊजी आखाड्या-आखाड्यांतून हिंडलो. जटांखालचा प्रत्येक चेहरा वाकून बघितला, शिव्याही खाल्ल्या. मग पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याला तुमचं नाव दिलं आणि क्षिप्रेवर सिद्धवटाजवळ अग्नी दिला. माझं कुंकू पुसायला माई पुढे आल्या, पण त्यांचा हात उचलेना. माझं मीच पुसलं. त्या दिवशी मला रडू आलं नाही, राग आला. तो अजून आहे, हे आधीच सांगून ठेवते.

भाऊजींचं पेन अडलं ते इथे. आपणच दहन केलेल्या भावाला 'या' म्हणून कसं लिहायचं?

शास्त्रीबुवांनी तोड सांगितली. अशा माणसाने परत जन्म घ्यायचा. तुपाने माखून न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, मुंज करायची आणि मग लग्न. "पूर्वीच्याच पत्नीशी," ते पोथी न उघडता म्हणाले. माई डोळे पुसत हसायला लागल्या, एवढा मोठा पाळणा आणायचा कुठून म्हणून. भाऊजींनी लगेच मुहूर्त विचारला. पितृपक्षाच्या आत उरकायला हवं, नाहीतर तुमच्या नावाचं पान वाढावं लागेल आणि तुम्ही शेजारच्या पाटावर जेवत असाल. सगळे एकदम बोलत होते. माझ्याकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

पहिल्या वेळी मी परकर नेसणारी पोर होते, तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

तुमच्या कार्डात आहे: पाय अधू झाला, माईंना भेटावंसं वाटतं, येऊ का. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. माझं नाव कुठेच नाही. तरी अक्षर मी लगेच ओळखलं, हेही खरं आहे.

तुम्हाला बघायची मला फार उत्सुकता आहे. ती बायकोची ओढ आहे की नाही, मला सांगता येत नाही. पण पंधरा वर्षं माणूस कुठे असतो, काय खातो, ताप आला तर कुणाला हाक मारतो, आणि एक दिवस कशाने मागे फिरतो, हे मला विचारायचं आहे. घाटावर जाताना तुम्हाला ठाऊक होतं का की परतायचं नाही, हेही विचारायचं आहे. बेल्का-स्त्रेल्काला विचारून काही कळणार नाही. तुम्हाला बोलता येतं.

तर या. पाय अधू असेल तर रतलामला गाडी बदलताना जपा, भाऊजी स्टेशनवर येतील. बारसं आणि मुंज माईंच्या मनासाठी करून घ्या. लग्नाचं मात्र मी थांबवलं आहे. शास्त्रीबुवांना म्हटलं, वधूला विचारल्याशिवाय मुहूर्त काढू नका. ते उपरणं सावरत म्हणाले, "विचारायला शास्त्राची हरकत नाही."

तेव्हा विचारायचं काम तुमचं. मी हो म्हणेन की नाही, ते आज मलाच माहीत नाही. उगाच आशेवर आणलं असं नंतर म्हणू नका.

खाली सही माहेरच्या नावाने केली आहे. लग्नात तुम्ही ताटातल्या तांदळात अंगठीने 'अहल्या' लिहिलं होतं. ते नाव त्या पळसाच्या पानांबरोबर गेलं असं मी धरते. परत तांदूळ पसरायची वेळ आलीच, तर काय लिहायचं ते आधी मला विचारा.

नंदा