तोकुगावकर

सोमवार, ७ जुलै
जपान! अख्खी टर्म जपान! अकरावीला ॲडव्हान्स्ड हिस्ट्री घेतली म्हणून बाबा आठवडाभर तोंड फुगवून होते. आज म्हणाले, प्रेझेंटेशनला ए आण, नाहीतर पुढच्या टर्मपासून गुपचूप कॉमर्स.

मला विषय मिळालाय तोकुगावा. अडीचशेहून जास्त वर्षं राज्य करणारं घराणं. बाबांपेक्षा कडक!

बुधवार, ९ जुलै
मोठ्यांदा पाठ करत होते. नानांचे, म्हणजे आजोबांचे, कान गिरणीतच गेलेत, त्यामुळे ते अर्धंच ऐकतात. "ह्या तोकुगाव खंय इला गो?" वर कणकवलीच्या अलीकडे की पलीकडे, तेही विचारलं. हसून हसून लोळले मी.

आता घरात त्या जपानी घराण्याचं नाव तोकुगावकर. आई माझा डबा भरताना विचारते, तोकुगावकरांना सुक्या बोंबलाची चटणी चालते का?

रविवार, १३ जुलै
नानांना समजावलं — सरदारांनी एक वर्ष राजधानीत राहायचं, एक वर्ष आपल्या गावी. बायकापोरं मात्र कायम राजधानीत. ओलीस! म्हणजे गडी बंड करत नाही.

नाना म्हणाले, "आमचा उलटा. आमी राजधानीत आनी ओलीस गावाक."

नाना मुंबईत गिरणीत, आणि लग्न झाल्यापासून आजी गावीच. घर राखते, काजू राखते. नाना जायचे ते गणपतीला आणि शिमग्याला. मी हसले. नाना नाही हसले. मग मलाच कसंतरी झालं.

मंगळवार, २२ जुलै
मेले! वर्गासमोर, खणखणीत आवाजात — "द तोकुगावकर्स केम टू पॉवर..."

अख्खा वर्ग फुटला. स्पृहा तर बाकाखालीच गेली. मॅडम म्हणाल्या, कोण? मग काय, सांगून टाकलं सगळं. नाना, गाव, ओलीस आजी. शेवटी कुणी हसत नव्हतं. पण वेळ संपली आणि माझ्या अर्ध्या स्लाइड तशाच राहिल्या.

शुक्रवार, २५ जुलै
बी प्लस. गेलं जपान. खूप रडले.

बाबांनी कागद घेऊन ग्रेड दोनदा वाचली. नानांनी विचारलं, कशात चुकलीस मनू? म्हटलं, आडनावात. मग वर्गात काय काय सांगितलं तेही सांगितलं, बाबांसमोरच. नाना उठले, गावी आजीला फोन लावला. कान गेलेला माणूस, अख्ख्या नायगावला ऐकू गेलं असेल — "ये, नि हंयच रव!"

रविवार, ३ ऑगस्ट
आजी आली. कायमची! दारातच म्हणाली, "तोकुगावकरांचा घर ह्याच मा?"

बाबांनी तिच्या पिशव्या उचलल्या. आत जाता जाता मला म्हणाले, "कॉमर्स राहू दे."