डुलकी चौकीच्या नावानं

४ फेब्रुवारी

टुकार! त्यापेक्षा भिंतीकडे बघत बसले असते तर बरं झालं असतं. भिंत निदान कुठे हसायचं ते सांगत नाही.

गुडघा बदललाय. डॉक्टर म्हणतात, जिना चढायचा नाही. म्हणून लेकीच्या घरी, तळमजल्यावर. आणि लेकीच्या घरी म्हणजे दिवसभर जावयाच्या तावडीत. लेक सब-इन्स्पेक्टर, सकाळी जाते ती संध्याकाळी. जावई घरीच. कवळ्या बनवतो! दवाखान्यातून जबड्यांचे साचे येतात, हा खिडकीशी बसून त्यात एकेक दात बसवतो. जेवायच्या टेबलावर आमटीच्या पातेल्याशेजारी कुणाची तरी बत्तिशी हसत पडलेली असते. मी उभी हयात पोलिसात काढली. भल्याभल्यांचे दात घशात घातले. आणि माझ्या पोरीनं निवडला तो दात बसवणारा.

संध्याकाळी उड्या मारत आला. "आई, 'डुलकी चौकी' पुन्हा लागलीय! पहिल्या भागापासून, रोज एक!" असा आनंद की जशी गेलेली जमीन परत मिळाली.

पोलीस चौकी, आणि चौकीत सगळे झोपलेले — हा विनोद. ढेरपोट्या इन्स्पेक्टर खुर्चीत घोरतो. हवालदार कविता करतो. चोर रोज चहाला येतो. आणि एक शिपाईबाई. तिच्याबद्दल नंतर लिहीन. आज डोकं तापवून घ्यायचं नाही.

५ फेब्रुवारी

भाग दुसरा. कोठडीची किल्ली हरवते. अख्खा भाग सगळे किल्ली शोधतात. सापडते कुठे — इन्स्पेक्टरच्या जेवणाच्या डब्यात! मागून हशा. जावई मांडीवर थापा मारतोय.

मी म्हटलं, "आमच्याकडे किल्ली हरवली असती ना, तर हसायला कुणाची नोकरी उरली नसती."

"आई, पण हे खोटं आहे म्हणूनच तर हसू येतं."

खोटं आहे म्हणून हसू येतं! दाताच्या डॉक्टरकडे याची अक्कलदाढच काढून टाकलेली दिसते.

७ फेब्रुवारी

आता शिपाईबाई.

बाईचं काम काय? लाजणं. किंकाळी फोडणं. साहेबाच्या पाठीमागे लपणं. उंदीर दिसला — "अगं बाई, मी घाबरले!" चोर शिंकला — "अगं बाई, मी घाबरले!" चार भाग झाले, एक गुन्हेगार पकडलेला नाही. गणवेश मात्र असा शिवलेला, की त्यात माणूस खाली वाकला तर टाके उसवतील.

ही मालिका पहिल्यांदा लागली तेव्हा मी नुकतीच भरती झाले होते. आमच्या स्टेशनात मी एकटीच बाई. आठवड्याभरात गल्लीतली पोरं मागून तेच ओरडायला लागली. मग दुकानदार. मग रिक्षावाले. एका दारुड्याची कॉलर धरून त्याला ओढत आणत होते, तर तो माझ्याच तोंडावर म्हणाला, "अगं बाई, घाबरलीस का?" आणि माझ्या बाजूचा हवालदार हसला! दारुड्याचं सोडा, शुद्धीत नव्हता. हवालदार पुरता शुद्धीत होता.

घरी आले तर आमचे हे सुद्धा एकदा गमतीत म्हणाले. दोन दिवस स्वयंपाक केला नाही. पुन्हा म्हणाले नाहीत. जाईपर्यंत म्हणाले नाहीत.

त्या नटीचं तोंड मी तेव्हापासून टाळत आले. पान बदलायचं, चॅनल बदलायचं. आता गुडघ्यानं पकडून समोर बसवलंय.

जावई म्हणतो, "नटी कसलेली आहे पण. एक क्षण मागेपुढे होत नाही तिचा."

"जावईबापू, तुम्ही तुमचे दात बघा."

१० फेब्रुवारी

आज लेक लवकर आली. मालिका चालूच होती. बूट काढले, पडद्याकडे पाहिलं, आणि सरळ मोरीत. नळ किती वेळ चालू! पाणी काय फुकट येतं?

जावयाला विचारलं, "हिला नाही का आवडत?"

"पूर्वी आवडायचं," म्हणाला. आणि आवाज कमी केला.

मला बरं वाटलं. उशिरा का होईना, पोरीला चव आली. रक्त कुणाचं आहे!

१२ फेब्रुवारी

भाग नववा. हवालदार कविता वाचतो आणि चोर रडून गुन्हा कबूल करतो. एवढं सोपं असतं तर आम्ही कवींचीच भरती केली असती.

१३ फेब्रुवारी

पठ्ठ्याचा फोन! किती दिवसांनी.

हा माझ्या हाताखाली आला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं पोर होता. सॅल्यूट धड मारता येत नव्हता. मी घडवला. आज लेकीच्याच स्टेशनचा मोठा साहेब आहे. माणूस कसा असावा — ताठ, पाय रोवून उभा, बोलण्यात दम. म्हणाला, "मॅडम, रविवारी येतो. तुम्हाला बघायचंय."

लेकीला सांगितलं, "तुझे साहेब येतायत रविवारी."

"कशाला?"

"मला भेटायला! या घरात एक तरी गडी माणूस येऊ दे बोलायला."

जावई तिथेच होता. ऐकू गेलं. जाऊ दे.

लेकीनं घासलेला कप पुन्हा घासायला घेतला. जावयानं तोंड उघडलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मिटलं. नवराबायकोची नेत्रपल्लवी! माझ्यासमोर चौकशीला अशी जोडी आली असती तर दोघांना दोन खोल्यांत बसवलं असतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

काय बेअब्रू झाली आज!

पठ्ठ्या आला. फळांची टोपली, सोबत शाल. वाकून नमस्कार केला. पोट सुटलंय जरा, पण रुबाब तोच. जुन्या केसेस निघाल्या. सराफाच्या दुकानातली चोरी, गोदामाची आग. किती दिवसांनी मी मोठ्यानं बोलले! मग म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो. आताच्या पोरी फार हळव्या. जरा काही बोललं की वर अर्जाचा कागद. आपल्या वेळी असं होतं का?"

मी म्हटलं, "छे!"

"तुम्ही जरा समजवा हो घरात. तुमचं ऐकेल ती."

काय समजवायचं ते विचारणार, तेवढ्यात मालिकेची वेळ झाली. पठ्ठ्यानंच टीव्ही लावला. "अरे वा, डुलकी चौकी!" मांडीवर थाप मारून हसायला लागला. मला ते बोचलं. हा माझ्या हाताखाली होता, ती आरोळी मला कशी झोंबायची ते त्यानं पाहिलंय. पण पाहुणा माणूस. म्हटलं, हसू दे.

लेक चहा घेऊन आली. त्याला कप देताना हात लांब केला — इतका लांब, की कप बशीत खडखडला. पठ्ठ्या तिच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "अगं बाई! घाबरलीस?"

तिनं ट्रे खाली ठेवला. भिंतीला पाठ लावून उभी राहिली. स्वतःच्या घरात.

आणि जावई उठला. टीव्ही बंद केला. हातात कवळीचा साचा तसाच. म्हणाला, "साहेब, चहा राहू दे. तुम्ही निघा."

आवाज थरथरत होता. पण पुन्हा म्हणाला, "निघा. आत्ता."

माझी मान खाली! घरी आलेल्या माणसाला, माझ्या माणसाला! मी पठ्ठ्याला म्हटलं, "मनावर घेऊ नकोस रे. दातात काम करून करून याच्या डोक्यात भुसा झालाय." तो हसला. "मॅडम, तुम्ही समजूतदार आहात म्हणून बरं." आणि गेला.

मी रागातच आहे. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिलेली बाई मी नोकरीत खूप वेळा पाहिली. का उभ्या राहतात तेही मला माहीत आहे.

१७ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना विचारलं. सरळच. "त्यानं काय केलंय?"

लेकीनं हातातला पाव खाली ठेवला आणि सांगितलं.

ड्यूटी संपली की केबिनमध्ये बोलवायचा. काम नसताना. दार लावून घ्यायचा. आधी खांद्यावर हात. मग कमरेवर. ती मागे सरली की हसून म्हणायचा, "अगं बाई, घाबरलीस?" तिनं केबिनमध्ये जायचं बंद केलं, तर चारचौघांत म्हणायला लागला. आता अख्खं स्टेशन म्हणतं. तिच्या हाताखालचे शिपाई सुद्धा.

तक्रार देऊन महिना होत आला. समिती बसलीय. जावई बरोबर गेला होता, बाहेर बाकड्यावर दिवसभर बसून राहिला. घरातल्या भिंतींना माहीत होतं. मला नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"कुणाबद्दल सांगू, आई? 'माझा पठ्ठ्या' बद्दल?"

कप खाली ठेवला.

मग विचारलं, "पहिल्यांदा कधी? तारीख सांग. दार कुणी लावलं? बाहेर कोण होतं?"

"आई, मी आरोपी नाहीये!"

"नाहीस. पण तिथे त्याचा माणूस तुला असंच विचारील. याहून वाईट विचारील. तो अडखळायची वाट बघत बसेल. तर आधी माझ्यासमोर अडखळ."

बघत राहिली माझ्याकडे. मग फोन करून सांगितलं, आज उशिरा येते. जावयानं टेबलावरचे सगळे दात एका कडेला सारले आणि जागा करून दिली. दोनदा रडली. तिसऱ्यांदा रडली नाही — चिडली. चिडलेली चालेल.

ती गेल्यावर मी एकटीच बसले. नालायक! मी त्याला शिकवलं होतं समोरच्याच्या किती जवळ उभं राहायचं, दार केव्हा लावायचं, गप्प बसून माणूस कसा मऊ करायचा. गुन्हेगारांसाठी शिकवलं होतं. ते हत्यार यानं माझ्याच पोरीवर परजलं! आणि वर माझ्याच पुढ्यात बसून मला म्हणतो, समजवा.

शाल जावयाला दिली. म्हटलं, साचे पुसायला घ्या. त्यानं घेतली नाही. म्हणाला, "साच्यांना रेघा पडतील." बाहेर नेऊन टाकली.

१९ फेब्रुवारी

जावई म्हणाला, "आता नको लावूया ते."

मी म्हटलं, "लावा. मला बघायचंय."

पहिल्यांदाच नीट पाहिलं. पंचनामा करतात तसं. बाईकडे नाही, हशाकडे लक्ष ठेवून. साहेब पुढे सरकतो — हशा. ती मागे सरते — जास्त हशा. तिची पाठ दाराला लागते आणि दार बंद होतं — सगळ्यात मोठा हशा, वर टाळ्या. लिहिणाऱ्यानं बरोबर ओळखलं होतं, लोकांना नक्की कशाचं हसू येतं. आणि नटी खरंच कसलेली आहे. नेमका कितवा श्वास अडकतो ते तिला ठाऊक आहे. हे कुणी तिला शिकवलं नसणार.

तिच्यावर इतकी वर्षं दात धरून बसले. हसणाऱ्यांवर धरायला हवा होता.

जावयानं रिमोट खाली ठेवला. म्हणाला, "आई, या सीनला मी लहानपणापासून हसत आलोय."

"मग आता नका हसू."

"नाही हसत."

मालिका टुकारच आहे. मत बदललेलं नाही. जावयाबद्दल मात्र — बघू. रोज कोबीच करतो, तेवढं सुधारायला हवं.

२२ फेब्रुवारी

पठ्ठ्याचा फोन. मध घोळलेला आवाज. "मॅडम, गुडघा कसा आहे? रविवारचं मी मनावर घेतलं नाही बरं का. घरात बोललात का?"

"बोलले."

"काय म्हणाली?"

"सगळं सांगितलं तिनं."

"पोरी वाढवून सांगतात, मॅडम. तुम्हाला काय ते कळतंच. तुम्ही मला पहिल्या दिवसापासून ओळखता."

"ओळखते ना."

"तुमच्या एका शब्दाला वजन आहे. वरच्या साहेबांत अजून नाव काढतात तुमचं. तुम्ही पाठीशी आहात ना?"

म्हटलं, "मी आहे."

जावई समोर दात घासून गुळगुळीत करत होता. त्याचा हात थांबला. फोन ठेवल्यावर बघतच राहिला माझ्याकडे. मी म्हटलं, "असे काय बघता? माणूस बोलत असला की बोलू द्यावं. मध्ये तोडू नये." तो पुन्हा कामाला लागला. बिचाऱ्याला कळलं की नाही कुणास ठाऊक. लेकीला सांगितलं, तिला लगेच कळलं. कितीतरी दिवसांनी हसली.

२४ फेब्रुवारी

लेकीची तालीम. आज एकदाही अडखळली नाही. मीच अडखळले — त्याच्या बाजूनं प्रश्न विचारता विचारता तोंडाला शिसारी आली. जावई म्हणाला, "आई, मी होतो तो." आणि झाला. वाईट केला. कुठे दटावायचं तेच कळत नव्हतं त्याला! लेक म्हणाली, "अहो, तुम्हाला जमणारच नाही." नाही जमत, हे खरं.

२६ फेब्रुवारी

समितीच्या बाईंचा फोन आला. पठ्ठ्यानं आपल्या चारित्र्याची साक्ष द्यायला एकच नाव दिलंय. माझं. विचारत होत्या, याल का?

म्हटलं, येते.