दिलेल्या पत्त्यावर राहत नाही

१६ एप्रिल

आयर्लंडच्या कॉलेजचं पत्र आलं. एम.एस्सी., फूड सायन्स, सप्टेंबरपासून. तीनदा वाचलं, मग आईला वाचून दाखवलं. तिला इंग्रजी येत नाही, तरी रडली, म्हणजे कळलं. बाबा बाजारासाठी भेंडीचे कॅरेट भरत होते. "बरं झालं," म्हणाले आणि पुढचा कॅरेट ओढला. बस्स, एवढंच.

आदिलाबादच्या कन्सल्टन्सीतले सुधाकर सर म्हणतात, आधी पासपोर्ट. ओरिजिनल मार्कशीट त्यांनी ठेवून घेतल्या. "सेफ्‌गा उंटायि अम्मा." सेफ म्हणे. तलमडुगूच्या एका मुलीचा व्हिसा गेल्या वर्षी नाकारला, तिलाही अम्माच म्हणत असतील. माणूस फार गोड बोलतो. लक्ष ठेवायचं.

२४ एप्रिल

पोस्टात जाऊन पासपोर्टचा फोटो, बोटांचे ठसे झाले. आता पोलीस घरी येऊन बघणार, मी खरंच इथं राहते का. जेवताना दोघांना सांगितलं की पोलीस येईल, घाबरायचं नाही, खरं ते सांगायचं. आई म्हणाली, "चहा ठेवू काय त्याच्यासाठी?" बाबांनी मान हलवली. त्यांची मान सगळ्यालाच हलते, म्हणून हात धुताना पुन्हा सांगितलं.

३ मे

नदीपलीकडे महाराष्ट्रात, पांढरकवड्याला मामाकडे, मामेबहिणीचं लग्न. आई आणि मी आठवडाभर आधीच आलो. बाबा भाजी टाकून येईनात. आज आले, जेवले, निघाले.

मामीला चेष्टेशिवाय चैन पडत नाही. "तिकडूनच गोरा जावई आनशीन तं आमाले आधी सांगजो वं बाई!" सगळे हसले. बाबा नाही हसले. पंगतीत वाढणाऱ्याला उगाचच म्हणाले, वरण खारट आहे. नव्हतं.

१२ मे

पासपोर्टचं स्टेटस पाहिलं. पोलीस अहवाल विरोधात. कारण: दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

मी! या घरात जन्मले, या घराशिवाय मला दुसरा पत्ता नाही. मोबाईल आईच्या हातात दिला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. पासपोर्ट नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर सप्टेंबर कसला.

पोलीस कधी आला, कोणाशी बोलला? आम्ही दोघी तेव्हा मामाकडेच होतो बहुतेक. कोणीतरी मुद्दाम सांगितलंय. कोण ते मला ठाऊक आहे. शेजारच्या घरातला, माझा चुलतभाऊ, विलासदादा. त्याचं दुबईचं फिसकटल्यापासून परदेशाचं नाव काढलं की त्याचं तोंड कडू होतं. दिवसभर ओट्यावर बसलेला असतो, दारात आलेला माणूस आधी त्याच्याच तावडीत सापडतो.

१३ मे

भांडण. मीच गेले त्याच्या दारात.

"मी काऊन सांगू? मी तं तवा तिकडं भैंशाले होतो, कापसाच्या जिनिंगवर. इचार तुया वहिनीले!"

वहिनी म्हणाली, होता. दोघांनी आधीच ठरवून ठेवलं असेल असंही मनात येऊन गेलं. वि. शेवटी एवढंच म्हणाला, "लई शिकली तू." आणि आत गेला.

१५ मे

आता संशय सु.सरांवर. काम अडलं की त्यांचाच भाव वाढणार. तोंडावर तसं म्हणायची हिंमत झाली नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असावं. त्यांनी ओळखीच्या पोलिसाला माझ्यासमोरच फोन लावला, तेलुगूत बराच वेळ बोलले. फोन ठेवून माझ्याकडे बघितलं तेव्हा गोड नव्हते अजिबात.

म्हणाले, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नाही. घरातल्या माणसाने सांगितलंय. मुलगी महाराष्ट्रात मामाकडे राहते म्हणून.

घरी तेव्हा एकच माणूस होता.

१६ मे

बाबांना शेतात गाठलं. भेंडी तोडत होते.

"पोलीस आल्ता?"

"आल्ता."

"मंग सांगितलं काऊन नाई मले?"

पुढच्या सरीत सरकले.

"काय विचारलं त्यानं?"

"तुयं नाव घेतलं. इथं राह्यते काय म्हने. म्हनलं, नाई. मामाकडं राह्यते, तिकडं."

आमच्या गावात कचेरीतलं कोणीही दारात आलं की हेच उत्तर. घरी नाही, तिकडं गेले. तिकडं म्हणजे नदीपलीकडे, महाराष्ट्रात. बँकवाला, मीटरवाला, सगळ्यांना तेच, कारण राज्य बदललं की विचारणारा मागे येत नाही. मी लहानपणी स्वतः सांगितलंय असं, बाबा आत झोपलेले असताना. म्हणजे सवयीने निघालं असेल तोंडातून. पण मी दोनदा सांगितलं होतं!

"मुद्दाम केलं तुमी."

"मुद्दाम काऊन करीन माय? पोलिसाच्या तोंडी पोरीचं नाव आलं, मले काई सुचलं नाई."

हे सगळं भेंडी तोडता तोडता. एकदाही वर बघितलं नाही. मी जेवले नाही आज. आई म्हणते बापावर असा संशय घेऊ नये. मग कोणावर घेऊ?

२२ मे

हैद., पासपोर्ट ऑफिस. बाबा आपणहून आले सोबत. धुतलेला पांढरा शर्ट. साहेबासमोर हात जोडून, "गलती मेरी है साब. बच्ची मेरेच घर में रहती. वहींच पैदा हुई, वहींच बढ़ी." त्यांना इतकं सफाईने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. लाज वाटली, भरूनही आलं. आणि तिथंच बसल्या बसल्या असंही वाटलं की ज्याला हे जमतं त्याला पोलिसासमोर मुद्दाम तसं बोलणंही जमत असेल.

काम झालं. पोलीस पुन्हा येणार.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत, "उशीर झाला तं कालेजवाले घेत नाईत काय?"

"नाई."

"किती उशीर चालते?"

काऊन विचारतात हे?

६ जून

पोलीस आला. बाबांनी खुर्ची पुसून दिली. माझी खाट दाखवली, पुस्तकं दाखवली, मागच्या पडवीतली गंजलेली सायकलसुद्धा दाखवली. शेवटी पोलीसच हसून "बस, बस" म्हणाला. साक्षीला शेजारी हवा होता. मी कोणाला हाक मारायच्या आत विलासदादा आला, दस्तखत केली आणि माझ्याकडे न बघता गेला. उद्या जाऊन माफी मागायची. उद्या नक्की.

२१ जून

पासपोर्ट आला. फोटोत मी कोणाला तरी जाब विचारतेय असं आई म्हणते.

वि.ची माफी अजून राहिलीच आहे.

३ जुलै

व्हिसाची फाईल. सु.सरांनी मार्कशीट परत दिल्या, प्लास्टिकमध्ये घालून, एक डाग नाही. तरी मी त्यांच्यासमोर मोजल्या. "करेक्टा अम्मा?" हसले. मलाही हसू आलं.

शिकून परत येऊन काय करणार, तेही लिहून द्यायचं. सरांकडे नमुने आहेत. त्या नमुन्यांतले सगळेच परत येतात आणि कारखाना काढतात. मी भाजी वाळवायचा कारखाना लिहिला, इथंच भीमपूरला. भराभर लिहून झालं. सर म्हणाले, छान, एकदम खरं वाटतंय.

खर्च बाबा करणार म्हणून फोन नंबर बाबांचा द्यावा लागला. माझा चालत नाही. कधीकधी व्हिसा ऑफिसातून फोन येतो म्हणे, चौकशीचा.

१२ जुलै

बाबांचा फोन चार्जिंगच्या नावाखाली माझ्याजवळ ठेवते आजकाल. त्यांनी ओळखलंय. मागत नाहीत. वाईट वाटतं, पण ठेवते.

२८ जुलै

आज तो चौकशीचा फोन आला. नेमका मोबाईल बाबांच्या हातात असताना, शेतात. मी डबा घेऊन पोचले तेव्हा ते बांधापलीकडे उभं राहून हिंदीत बोलत होते. मी धावत गेले तर हात वर करून मला थांबवलं. थांबले. ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येईना. जीव नुसता टांगणीला. एका शब्दावर सगळं अडकलेलं, आणि तो शब्द यांच्या तोंडी.

फोन खिशात घालून आले.

"व्हिसावाले होते. पैसे कोन देनार, शेती किती, सारं इचारलं. सांगतलं बराबर."

"आनखी?"

"पोरगी शिकून वापस येईन काय, म्हने."

"तुमी काय म्हनलं?"

"येईन म्हनलं. येईनच म्हनलं."

मग एप्रिलपासून पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं त्यांनी.

"खोटं तं नाई बोललो न माय मी?"

मी म्हटलं, ऊन लागून राह्यलं बाबा, सावलीत चला, जेवून घ्या.

ऊन कुठलं, सकाळपासून आभाळ भरलेलं आहे. त्यांनी एकदा वर बघितलं आणि माझ्या हातातून डबा घेतला.