आमच्या वायफायचे पाहुणे

सोमवार
आले बाई एकदाची मुलाच्या नव्या घरी. तळमजला आहे, त्यामुळे माझे गुडघे खूश. मी बोलते आणि सूनबाई लिहिते. मला अक्षरओळख नाही आणि तिला सातवा महिना, डॉक्टरांनी बसून राहायला सांगितलंय. दोघींची सोय झाली. खोली छान आहे. खाट, कपाट, रस्त्याकडे गजांची खिडकी. खिडकीत एक पांढरं खोकं आहे, त्याला दोन शिंगं आणि एक हिरवा दिवा, तो सारखा डोळा मारत असतो. इंटरनेट त्यातून येतं म्हणे. या वयात डोळा मारणारं कुणीतरी भेटलं, असं मी म्हटलं तर सूनबाई लिहायचं सोडून हसत बसली. हेही लिही गं.

मंगळवार
खिडकीखाली भिंतीला टेकून एक माणूस दुपारभर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन, मान कोंबडीची मुरगळावी तशी खाली. कुणाकडे आलात, विचारलं. बहिरा असेल म्हणून तांब्यातलं पाणी शिंपडलं. त्यानं फोन तेवढा पुसला.

बुधवार
आज चार झाले. मुलानं कंपनीला फोन लावला तेव्हा उलगडा झाला. आमच्या खोक्यातून कंपनी रस्त्यावरच्या कुणालाही वायफाय वाटते. पाहुण्यांची वाट वेगळी असते, तुम्हाला धक्का लागणार नाही, असं तिकडची बाई मधाळ आवाजात म्हणाली. घर आमचं, वीज आमची आणि पुण्य कंपनीचं! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं तर यांनीच. वर म्हणते, तुम्हीच होकार दिलाय. चिरंजीवांनी न वाचता बोट टेकवलं होतं. मी अडाणी, पण अंगठा उठवण्याआधी चार जणांकडून कागद वाचून घेते. हे शिकलेले ना, यांना वाचायची गरजच पडत नाही.

गुरुवार
मुलानं खोक्याची वायर उपटली. दिवा विझला. आता गळतील गोचिडं, म्हटलं. एकही हलला नाही. उलट गाल भिंतीला लावून उभे राहिले, ऊब घेत असल्यासारखे. कंपनीच्या बाईला पुन्हा विचारलं. ती तितक्याच गोडीनं म्हणाली, तुमच्या घराशी सहा पाहुणे जोडलेले दिसताहेत, सगळं सुरळीत आहे.
मी खिडकीतून परत परत मोजले. बाहेर चारच होते.
मग दोन कुठे, असं सूनबाईनं विचारलं. कंपनीला मोजता येत नाही, असं मी सांगितलं. तिला पटलं नाही. मलाही.

शुक्रवार
खोकं यांच्या तोंडावर फेकून येतो, म्हणत मुलगा कंपनीच्या कचेरीत गेला. दुपारी फोन आला, त्याच बाईचा. खोकं मिळालं, धन्यवाद, म्हणाली. आता त्याची गरज नाही, घराला सवय झालीय. मी ओरडले, काय गं सटवे, घर म्हणजे काय गाय आहे, येईल त्यानं पिळायला? तिनं फोन ठेवला नाही. ऐकत राहिले, तर श्वासही नाही —
मुलगा अजून आलेला नाही.

शनिवार
आला. भिंतीपाशी. पाचवा.
कालचाच शर्ट, मान खाली. गजांतून हात घालून केस ओढले, लहानपणीच्या नावानं हाक मारली, शिव्या दिल्या. वर बघितलंच नाही. त्याच्या फोनवर काहीच नव्हतं — नुसती काळी काच, आणि हा तीत बघतोय —
सूनबाईला दिसू नये म्हणून पडदा ओढला. तिला आधीच दिसलं होतं.

रविवार
ती सारखी दाराकडे — त्याला आत घेऊन येते म्हणते. नाही. आधी पोटातल्याचा विचार कर. मला काय बोलायचं ते बोल, पण उंबरा ओलांडायचा नाही. माझाही तो पोटचाच आहे गं.
भिंत गरम झालीय. आतल्या बाजूनं.
ये, खाटेवर बस माझ्याजवळ. ठेव ते पेन. दोन्ही हात दे माझ्या हातात. हं, अस्सं. घट्ट. नाही सोडायची मी, कंपनीचा बाप आला तरी —
थांब. ही खरखर कसली? वहीवर —
अगं, तुझे दोन्ही हात तर माझ्या —